छायाचित्र कोणाचे?

२०१० साली लंडनच्या व्हाइटचॅपेल गॅलरीत ‘व्हेअर थ्री ड्रीम्स क्रॉस’ हे भारत, पाकिस्तान व बांगलादेश यांच्या दीडशे वर्षांच्या छायाचित्रणाचे प्रदर्शन भरले होते. दिल्लीत जन्मलेले, किशोरवयात कॅनडाला गेलेले आणि पुढे लंडनमध्ये स्थिरावलेले छायाचित्रकार सुनील गुप्ता हे त्याच्या क्युरेटरांपैकी एक. छायाचित्रे दक्षिण आशियाई छायाचित्रकारांचीच घ्यायची, हा या प्रदर्शनाचा दंडक होता. त्याला इतिहास आहे. ‘द पीपल ऑफ इंडिया’ (१८६८–७५) या आठ खंडांच्या सरकारी ग्रंथात येथील माणसे जातिजमातींचे नमुने म्हणून मांडली गेली होती. त्या परकीय नजरेला हे उत्तर होते, आणि ते आवश्यकही होते.

मात्र स्थलांतरितांच्या छायाचित्रांपाशी आले की हा दंडक अपुरा पडू लागतो. इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड शहरात बेल व्ह्यू नावाचा एक स्टुडिओ १९२६ पासून चालत होता. १९५० नंतर तेथील लोकरीच्या गिरण्यांत कामाला आलेले पंजाबी व मीरपुरी तरुण या स्टुडिओत जाऊ लागले. छायाचित्रकार टोनी वॉकर इंग्रज. कॅमेरा जुन्या वळणाचा, काचेच्या प्लेटचा. समोरचा गिरणी कामगार मात्र सूट-टायमध्ये, खिशाला पेन आणि मनगटावरचे घड्याळ दिसेल अशा बेताने उभा. रात्रपाळीची, दाटीवाटीच्या खोलीची खूण त्यात कोठेही नाही. कारण ते चित्र गावाकडे पाठवायचे होते. आपले बरे चालले आहे, एवढेच त्याने घरच्यांना सांगायचे होते.

मग हे छायाचित्र कोणाचे? कळ इंग्रजाने दाबली, हे खरे. परंतु कोणत्या रूपात दिसायचे आणि कोणासाठी दिसायचे, हे ठरवले समोरच्या माणसाने. ‘पीपल ऑफ इंडिया’मधील माणसाला हा अधिकार नव्हता, बेल व्ह्यूच्या गिऱ्हाइकाने तो पैसे मोजून मिळवला होता. नजर परकी की आपली, याचा निवाडा केवळ छायाचित्रकाराच्या जन्मस्थानावरून करता येत नाही, तो यामुळे.

१९७५ साली स्टुडिओ बंद पडला. तळघरातल्या हजारो काचा पुढे नष्ट होण्यापासून वाचल्या आणि ब्रॅडफर्डच्या संग्रहालयाकडे आल्या; पण त्यांतील असंख्य चेहऱ्यांना नावे नाहीत. कागदावरच्या प्रती केव्हाच मीरपूर-जालंधरकडच्या घरांत पोहोचल्या होत्या. म्हणजे निगेटिव्ह परमुलखात राहिली आणि छायाचित्र घरी गेले. मंगला धरणामुळे १९६० च्या दशकात जुने मीरपूर पाण्याखाली गेले, तेव्हा ते ‘घर’देखील जागेवर उरले नाही.

अशा संग्रहाचे क्युरेशन करणाऱ्याने काचा धुऊन, मोठ्या करून भिंतीवर टांगल्या, तर अर्धेच काम होते. ज्यांना उद्देशून ती माणसे कॅमेऱ्यापुढे उभी राहिली, त्या घरांतील ट्रंका आणि आठवणी यांच्यापर्यंत पोहोचल्याशिवाय त्यांची नावे परत मिळणार नाहीत. नावावाचून टांगलेला माणूस पुन्हा नमुनाच ठरतो. मग नजर आपली असली तरी काय फरक पडला?