प्लास्टिकचं नाव घेतलेली पोरगी

पंक म्हटलं की गोऱ्या पोरांचेच फोटो पुढं येतात. उभे केलेले केस, फाटकी जाकिटं, सेक्स पिस्टल्स, क्लॅश. पुस्तकं त्यांची, पोस्टरं त्यांची. आपणही तेच गिळतो. इतिहास लिहिणाऱ्याच्या घरची माणसं इतिहासात आधी शिरतात, बाकीच्यांनी दारात थांबायचं. म्हणून दोस्तांनो, आज दारातल्या एका बाईबद्दल लिहितो. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. इंग्रजी डिक्शनरी मांडीवर घेऊन शिकतो. सूतगिरणीची रात्रपाळी सुटल्यावर हिची गाणी ऐकली आणि झोपच उडाली.

मॅरिअन जोन एलियट-सेड. जन्म ३ जुलै १९५७, इंग्लंडातलं ब्रॉम्ली. बाप सोमाली, आई गोरी. आईनं एकटीनं पोरं वाढवली, लंडनच्या ब्रिक्स्टनमध्ये. गोऱ्यांत ही काळी, काळ्यांत ही पुरती काळी नाही. १५व्या वर्षी खिशात ३ पौंड घेऊन घर सोडलं. मिळेल त्या गाडीला हात दाखवत गाण्याच्या जत्रांतून हिंडली. १९७६ साली तिचं एक रेगे गाणं निघालं, कुणी विचारलं नाही. त्याच साली, १९व्या वाढदिवशी, हेस्टिंग्जला तिनं सेक्स पिस्टल्स ऐकले. तिला वाटलं, ह्यांना जमतं तर मला का नाही? पेपरात जाहिरात देऊन पोरं गोळा केली. बँड उभा राहिला : एक्स-रे स्पेक्स.

स्वतःचं नाव तिनं टेलिफोनच्या पिवळ्या डिरेक्टरीतून उचललं. पॉली स्टायरीन. म्हणजे हलकं, स्वस्त, वापरून फेकायचं प्लास्टिक. पॉपस्टारला बाजार असाच वापरतो, हे ती आधीच ओळखून होती. जगानं चिकटवलेलं नाव सोलून काढून स्वतःचं ठेवायला काय लागतं, ते आपल्या वाचकाला मी काय सांगू?

१९७७ साली पहिली तबकडी आली : ‘ओ बाँडेज, अप युवर्स!’ पोरींनी शोभेला असावं, तोंड उघडू नये, ह्या जुन्या शिकवणीच्या कानफटात. दातांना तारा, अंगावर भडक रंगाचे कपडे, आवाज असा की भोंगाच वाजावा. सोबत शाळकरी वयाची लोरा लॉजिक सॅक्सोफोन फुंकते. गिटारच्या गोंगाटात सॅक्सोफोन, हे तेव्हाच्या पंकमध्ये नवंच होतं.

१९७६च्या ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमच्या स्टेजवरून एरिक क्लॅप्टननं परदेशी लोकांना हाकलून द्यायची भाषा केली. हाच क्लॅप्टन काळ्यांच्या ब्लूजवर मोठा झालेला. त्यावरच्या संतापातून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ उभं राहिलं. ३० एप्रिल १९७८ला ट्रॅफल्गर चौकातून व्हिक्टोरिया पार्कपर्यंत मोर्चा निघाला. ८० हजार ते १ लाख माणूस. तिथं पॉली गायली, डोक्याचा चकोट करून. मला शोभेची बाहुली करायला गेलात तर टक्कल करीन, असं ती आधी बोललेली होती. बोलली ते केलं.

नोव्हेंबर १९७८ला ‘जर्मफ्री अडोलेसन्ट्स’ हा अल्बम आला. यादीत ३०व्या नंबरपर्यंत गेला. दुकानं, प्लास्टिकच्या पिशव्या, जंतू मारणारी औषधं, जनुकांशी चाललेला खेळ, सगळं त्यात आहे. माणूस विकत घेता घेता स्वतःच माल कसा होतो, हे तिनं विशीत लिहिलं. आज जनुकांची भाषा पेपरात रोज येते. तेव्हा कोण बोलत होतं?

पण शरीर थकलं, मन फाटलं. १९७८मध्येच एका कार्यक्रमानंतर तिला आकाशात गुलाबी उजेड दिसला. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनियाचा शिक्का मारून दवाखान्यात टाकलं. तो शिक्का चुकीचा होता. खरा आजार, बायपोलर, १९९१ साली कळला. मधली वर्षं कोण परत देणार? १९७९ साली बँड मोडला. १९८०चा ‘ट्रान्सल्युसन्स’ हा शांत अल्बम फार कुणी घेतला नाही.

१९८३ साली ती हरे कृष्ण पंथात गेली. इथं मला ठेच लागते. एवढी नकार देणारी बाई शेवटी आरतीला उभी राहिली? आधी चिडलो. मग विचार केला. जगानं वेडी ठरवलेल्या बाईला निवारा कुणी दिला? बंडखोर मित्रांनी दिला असता तर ती तिकडं गेली असती का, मला ठाऊक नाही. तो मार्ग मला पटत नाही. पण दोष एकट्या तिच्यावर टाकून हात झटकणंही पटत नाही. तिची मुलगी सेलेस्ट बेल ह्यात भरडली, काही वर्षं आजीकडं वाढली. तिनंच २०२१ साली आईवर सिनेमा केला आणि हे झाकलं नाही. आपण आपल्या माणसांची देवळं बांधतो. त्या पोरीनं आईला माणूस ठेवलं.

पॉली परत आली. २००८ला लंडनच्या राउंडहाउसमध्ये एक्स-रे स्पेक्स पुन्हा वाजलं. मार्च २०११ला ‘जनरेशन इंडिगो’ आला आणि २५ एप्रिलला ती कॅन्सरनं गेली. वय ५३. नेने चेरी म्हणते, हिच्यामुळं मला गायचं बळ आलं. अमेरिकेतल्या रायट गर्ल पोरींनीही हिला आपली मानली. तरी पंकची यादी निघाली की हिचं नाव शेवटी, आठवलं तर.

दोस्तांनो, मोर्चात आपल्या पुढं उभी राहून गाणारी बाई कोण होती, तिचं गाणं कुणी लिहिलं, हे आपण तरी कुठं उतरवून ठेवतो? वही काढा. नाव लिहा, साल लिहा. ती असतानाच लिहा.