रविवार कोणी मागितला?

शाळेतल्या मुलांना हल्ली प्रकल्प करावा लागतो. विषय मिळतो ‘गिरणी कामगार’. मूल दुकानातून चित्रे आणते, फोनवर सापडलेला मजकूर उतरवते, आई वही सजवते आणि गुण मिळतात. यात शोधले काय, असे विचारले तर उत्तर येत नाही. दोष मुलांचा नाही. त्यांना विषय मिळाला, प्रश्न मिळाला नाही. आणि शोधाला आधी प्रश्न लागतो.

तेव्हा एक लहानसा प्रश्न आम्ही श्रोत्यांपुढे ठेवतो : मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुट्टी कोणी मागितली आणि ती कशी मिळाली? तीन आठवड्यांत हाताळता येईल, एवढाच तो आहे.

पहिल्या आठवड्यात, आपल्याला जे ठाऊक आहे असे वाटते ते लिहून काढावे आणि तपासावे. १० जून १८९० रोजी नारायण मेघाजी लोखंडे यांनी साऱ्या देशाला रविवारची सुट्टी मिळवून दिली, असे संदेश फिरतात. पण सरकारी कचेऱ्या त्याआधीही रविवारी बंद असत. त्या दिवशी मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघाने गिरण्यांना आठवड्याची सुट्टी मान्य केली. कारखान्यांतील साप्ताहिक सुट्टी कायद्यात आली ती १८९१ साली. एवढे नेमके सांगितल्याने लोखंड्यांचे मोठेपण तसूभरही कमी होत नाही.

मग सनावळी मांडावी. १८५६ साली ताडदेवला मुंबईची पहिली कापडगिरणी चालू झाली. १८८० मध्ये लोखंड्यांनी ‘दीनबंधु’ पत्र मुंबईत चालविण्यास घेतले. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला कामगारांच्या सभा झाल्या. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार, अपघातात भरपाई, या मागण्यांच्या अर्जावर सुमारे साडेपाच हजार सह्या झाल्या. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. असे ओळीने मांडले की मुलाच्या ध्यानात येते : मागणी १८८४ ची, सुट्टी १८९० ची, मधली सहा वर्षे काय झाले? हा प्रश्न त्याचा स्वतःचा असतो. इथून खरा प्रकल्प सुरू होतो.

याच वाचनात त्याला १८८१ चा कारखाना कायदा भेटेल. सात वर्षांवरच्या मुलाकडून दिवसाला नऊ तास काम घेण्यास त्यात मुभा होती. दुसरीतिसरीतल्या भावंडाकडे पाहून त्याने ते कलम पुन्हा वाचावे.

दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक कागदाला विचारावे : तू कोणी लिहिलास, कोणासाठी? लोखंड्यांच्या मिलहँड्स असोसिएशनला सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियम नाहीत, असे १८९२ च्या सरकारी कारखाना अहवालात नोंदले गेले. आमचा जन्म पावतीपुस्तके आणि घटनेची कलमे लिहिण्यात गेला, त्यामुळे हा शेरा आम्हांला झोंबतो. तरी तो लपवू नये. शेराही पुरावा आहे आणि दहा हजारांची सभाही पुरावा आहे. दोन्ही शेजारी ठेवून, ती संघटना होती की नव्हती, हे विद्यार्थ्याने कारणासह लिहावे. त्याचा निर्णय आमच्याविरुद्ध गेला तरी चालेल.

त्याच आठवड्यात माणसांकडे जावे. १८९० चे कोणी उरले नाही. पण १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या घरात आहे. परवानगी घेऊन बसावे. नाव, गाव, गिरणी, खाते आणि भेटीची तारीख लिहावी. त्याचे शब्द जसेच्या तसे घ्यावेत, आपला तर्क वेगळ्या पानावर. रविवार कसा जाई, हे त्याला विचारावे. आणि त्याच्या घरातल्या बाईला, खानावळ चालविणाऱ्या आजीला, तुम्हांला रविवार होता का, हेही विचारावे.

तिसरा आठवडा लिहिण्याचा. प्रत्येक विधान कुठून घेतले ते त्याच्यापुढे लिहावे. जे सापडले नाही तेही सांगावे.

राजवाडे गावोगाव हिंडले म्हणून वाड्यांतली दप्तरे वाचली आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापली जाऊ लागली. कामगाराचे दप्तर म्हणजे पत्र्याच्या पेटीतले हजेरीचे कार्ड, पगाराची चिठ्ठी, वर्गणीची पावती. खोली बदलताना ती पेटी रद्दीत जाते. पालकांनी या सुट्टीत ती उघडून मुलांसमोर ठेवावी, एवढीच आमची विनंती आहे.