हॅलीच्या शेजारची वसाहत

अंटार्क्टिकातलं हॅली हे ब्रिटिश संशोधन केंद्र 1956 सालचं. ओझोनच्या थराला पडलेलं भगदाड 1985 मध्ये जगाला कळलं ते इथल्या नोंदींमुळे, आणि दोनच वर्षांत मॉन्ट्रियल करार झाला. याच हॅलीच्या शेजारी एम्परर पेंग्विनची जगातली दुसऱ्या क्रमांकाची वसाहत होती. तिचं काय झालं, ते फारसं कुणी वाचलेलं नाही.

हा पक्षी अंडं घालतो ऐन हिवाळ्यात, मे-जूनमध्ये, तेही गोठलेल्या समुद्रावर. पिल्लाला पाण्यात टिकणारी पिसं फुटायला डिसेंबर उजाडतो. तोवर पायाखालचा बर्फ टिकायला हवा, बस्स. थंडी, वादळं, पायावर अंडं घेऊन दोन महिने उपाशी उभा बाप, हे सगळं निभतं हो!

2016 मध्ये तो बर्फ वेळेआधीच फुटला. हजारो पिल्लं गेली. पुढची दोन वर्षंही तेच. कळलं कसं? उपग्रहाच्या छायाचित्रांत पांढऱ्या बर्फावरचे विष्ठेचे तपकिरी डाग दिसेनासे झाले. त्या सुमारास एल निनो जोरात होता, म्हणून शास्त्रज्ञांनी थेट तापमानवाढीवर बोट ठेवलं नाही. बरेच प्रौढ पक्षी 55 किलोमीटरवरच्या दुसऱ्या वसाहतीत गेले.

पण 2022 मध्ये बेलिंग्सहाउसेन समुद्रात पाचपैकी चार वसाहतींत पिल्लं जगली नाहीत. त्याच वर्षी बर्लिनच्या अंटार्क्टिक करार बैठकीत या पक्ष्याला विशेष संरक्षण द्यायचा प्रस्ताव होता. तिथे निर्णय एकमतानेच होतात, आणि चीन अडला. 2024 ची बैठक आपल्या कोचीत झाली. तिथेही तो दर्जा मिळाला नाही.