देसाईगंजची गर्दी

२६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या (म्हणजे वडशाच्या) पोलीस ठाण्याबाहेर लोक जमले. आत एक आदिवासी मुलगी होती. तिच्या भावाच्या तक्रारीवरून तिला जबाबासाठी बोलावले होते. इतरांना जायला सांगून तिला थांबवून घेतले गेले. ती बाहेर आली ती आपल्यावर अत्याचार झाल्याचे सांगतच. ठाणे पेटवून देण्याची भाषा सुरू झाली. मग हेडकॉन्स्टेबल आले, त्यांनी जमावाला समजावून परत पाठवले आणि मुलीचा जबाब नोंदवला. हा तपशील खुद्द सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात आहे. पोलिसांवर पहिली देखरेख ठेवली ती या बिननावाच्या गर्दीने.

पुढचा इतिहास परिचित आहे. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये दोन्ही शिपायांना सोडले; नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये संमती आणि भीतीपोटी आलेली शरणागती यांत भेद करून शिक्षा दिली; १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार नाही, म्हणजे संमती! साहित्याच्या विद्यार्थ्यांनी हे तिन्ही निकाल शेजारी ठेवून वाचावेत. एकाच मौनाचे तीन अर्थ कसे लावले जातात ते दिसेल. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार यांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर आंदोलन झाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पीडितेची ओळख उघड करण्यास मनाई आली तीही त्याच दुरुस्तीने. तरीही त्या मुलीचे नाव आजवर प्रकरणाला चिकटून राहिले आहे. येथे ते लिहिलेले नाही.

पोलिसांवर बाहेरचा देखरेखदार असावा, हे मात्र २००६ च्या प्रकाश सिंह निकालापर्यंत ठरले नाही. राज्य आणि जिल्हा पातळीवर तक्रार प्राधिकरणे नेमा, असा आदेश झाला. पण नावे सुचवायची कोणी? मुख्य न्यायमूर्ती, मानवाधिकार आयोग, लोकायुक्त, लोकसेवा आयोग. गाव कुठेच नाही. महाराष्ट्राने २०१४ च्या दुरुस्तीत जिल्ह्याऐवजी महसुली विभाग धरला. नागरी समाजातील एका नामवंत व्यक्तीची जागा त्यात आहे. तिलाही सरकारच नामनिर्देशित करते. भामरागडच्या माणसाला विभाग म्हणजे नागपूर. आणि नामवंत कोणाच्या दृष्टीने, हे तर कायदा सांगतच नाही.

गैरसोय तरी समजण्यासारखी आहे. निवडीतले मौन नाही. पोलीस आणि नक्षलवादी या दोघांच्या मधोमध राहणाऱ्या या मुलखात देखरेखदार कोणाचा माणूस मानला जातो, यावरच तक्रार होणार की नाही हे ठरते. गावांना असे निर्णय पेलत नाहीत म्हणावे, तर धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) कितीतरी वर्षे सर्वसहमतीने कारभार करते आहे. २००९ मध्ये त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. बांबू कोणी, कधी, किती तोडायचा हे ग्रामसभा ठरवते. प्राधिकरणावरील एका नावाबद्दल तिचे मत घ्यावे, अशी तरतूद २०१४ च्या दुरुस्तीत नाही.