दंत संयुक्त रेझीनचा रंगबदल

दंत संयुक्त रेझीनचा रंगबदल म्हणजे दाताच्या रंगाचे भरण करण्यासाठी वापरलेले रेझीन चहा, कॉफी, मद्य, रंगीत सरबते इत्यादींच्या वारंवार संपर्काने कालांतराने पिवळट, तपकिरी किंवा निस्तेज दिसू लागणे. व्यवहारात या भरणाला ‘सिमेंट’, ‘पांढरे फिलिंग’ किंवा ‘काँपोझिट’ असे म्हणतात. पुढच्या दातांतील भरणे बदलून घेण्यामागे रंगबदल हे एक प्रमुख कारण असते. मात्र डागाळलेले भरण म्हणजे किडलेला दात असे समीकरण मांडता येत नाही. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण दर वेळी जुने भरण कोरून काढताना भोवतालचा थोडा निरोगी दातही जातो आणि पोकळी मोठी होत जाते.

रचना

अमेरिकेतील नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत काम करणारे राफेल बोवेन यांना बिस-जीएमए या रेझीनवर आधारित भरणद्रव्याचे पेटंट १९६२ साली मिळाले. आजची अनेक दंतरेझिने याच परंपरेतील आहेत. त्यांत सेंद्रिय रेझीन आणि काच किंवा सिलिका यांचे सूक्ष्म कण असतात. काचेचे कण रंग शोषत नाहीत. डाग धरते ते त्यांना बांधून ठेवणारे रेझीन. ते तोंडातील पाणी अल्प प्रमाणात शोषते आणि पाण्याबरोबर रंगद्रव्यांनाही आत वाट मिळते. मिश्रण पातळ करण्यासाठी घातले जाणारे टीईजीडीएमए हे एकवारिक पाणी अधिक ओढते, तर यूडीएमए तुलनेने कमी.

निळ्या प्रकाशाखाली रेझीन घट्ट होते, तरी त्यातील सर्व द्विबंध अभिक्रियेत भाग घेत नाहीत. प्रकाश अपुरा पडल्यास घट्टपणा कमी राहतो आणि डाग लवकर धरतो. याखेरीज प्रकाशक्रियेसाठी मिसळलेल्या अमाइनांचे ऑक्सिडीकरण होऊनही भरण आतून पिवळे पडते. त्याचा दोष चहाकॉफीकडे जात नाही.

पेयांचा परिणाम

पेय जितके आम्लधर्मी तितका डाग अधिक, ही समजूत प्रयोगांत टिकत नाही. कोला पेयांचे पीएच मूल्य २.५ च्या आसपास असते व त्यांतील फॉस्फोरिक आम्लाने पृष्ठभाग खरबरीत होऊ शकतो; तरीही ती सामान्यतः कॉफी, चहा किंवा लाल वाइन यांच्याइतका रंग चढवत नाहीत. लाल वाइनमध्ये गडद रंगद्रव्ये आणि रेझीन मऊ करणारे अल्कोहोल एकत्र येतात, म्हणून तिचा परिणाम तीव्र असतो.

चहा व कॉफी यांतील फरक लक्षणीय आहे. चहाची अधिक ध्रुवीय रंगद्रव्ये मुख्यतः पृष्ठभागावर चिकटतात (अधिशोषण) आणि घासण्याने बरीचशी निघतात. कॉफीतील कमी ध्रुवीय पिवळी द्रव्ये पृष्ठभागावर तर बसतातच, शिवाय रेझीनच्या आत शिरतात (शोषण). त्यामुळे तो डाग चिवट असतो. चहात दूध घातल्यास दुधातील केसीन हे प्रथिन टॅनिनांना बांधून ठेवते व दातांवर डाग पडण्याचे प्रमाण घटते. महाराष्ट्रातील दुधाच्या चहाला हा लाभ आपोआप मिळतो. कोऱ्या चहाला नाही. हळदीतील कर्क्युमिन स्निग्धद्राव्य असल्याने रेझीनमध्ये सहज मुरते, म्हणून हळदीचे दूधही या यादीत येते. कोकम सरबतात अँथोसायनिन रंगद्रव्ये आणि आम्ल दोन्ही असतात.

मापन

प्रयोगशाळेत रेझीनच्या चकत्या पेयांत बुडवून ठेवतात आणि रंगातील फरक ‘डेल्टा-ई’ या अंकाने सांगतात. सुमारे १.२ इतका फरक निम्म्या निरीक्षकांना जाणवतो, २.७ च्या पुढे तो निम्म्यांना अमान्य वाटतो. एक कप १५ मिनिटे आणि दिवसाला सुमारे तीन कप असा हिशेब धरून २४ तासांचे बुडवणे एका महिन्याच्या सेवनाबरोबर मानण्याची प्रथा आहे. मात्र चकतीला लाळ, ब्रश किंवा चघळणे यांचा स्पर्श होत नाही, त्यामुळे असे आकडे प्रत्यक्ष तोंडाला जसेच्या तसे लावणे धाडसाचे ठरते.

निदान व उपाय

भरणाच्या संपूर्ण पृष्ठभागावरील एकसारखा डाग बहुधा वरवरचा असतो व पुन्हा चकाकी दिल्याने जातो. कडेला दिसणारी तपकिरी रेघ मात्र नुसता डागही असू शकते किंवा खालच्या किडीची खूणही. केवळ रंगावरून निर्णय न घेता दंतवैद्य कडेची फट, मऊपणा व गरजेनुसार क्ष-किरण चित्र तपासतात. कीड नसल्यास तेवढाच भाग घासून दुरुस्त करणे पुरते.

दात पांढरे करणाऱ्या पेरॉक्साइडने भरणाचा रंग दाताच्या प्रमाणात उजळत नाही. उलट दात उजळल्यावर जुने भरण अधिक उठून दिसते. असे उजळवणे झाल्यानंतर नवे भरण साधारण दोन आठवड्यांनी करतात, कारण दातात उरलेला ऑक्सिजन रेझीनच्या चिकटण्यात अडथळा आणतो.

भरण केल्यानंतर घट्ट होण्याची क्रिया सुमारे २४ तास मंदपणे चालू राहते. म्हणून पहिल्या एकदोन दिवसांत रंगीत पेये टाळण्यास सांगतात. पुढे पेयानंतर पाण्याने चूळ भरणे उपयोगी असते. क्लोरहेक्सिडीनयुक्त गुळण्यांचे औषध चालू असताना चहाचे डाग अधिक पडतात, हे पुष्कळदा रुग्णाला सांगायचे राहून जाते.