चाळणी मुलाखत (कंत्राटी नोकरभरती)

चाळणी मुलाखत म्हणजे कंत्राटी कामासाठी इच्छुक असलेल्या उमेदवाराला प्रत्यक्ष काम देणाऱ्या संस्थेपुढे नेण्याआधी भरती-मध्यस्थाने घेतलेली प्राथमिक मुलाखत. ती बहुधा दूरध्वनीवर होते आणि थोड्या मिनिटांत आटोपते. लोकसेवा आयोगाच्या 'चाळणी परीक्षे'मुळे 'चाळणी' हा शब्द विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे. खासगी क्षेत्रात मात्र 'स्क्रीनिंग' किंवा 'पहिला राउंड' असे म्हणण्याचा प्रघात आहे आणि मध्यस्थ संस्थेला सरसकट 'कन्सल्टन्सी' म्हटले जाते. दोन्ही चाळण्यांत एक मूलभूत भेद आहे. उमेदवार किती वेतनावर रुजू होतो, याच्याशी आयोगाच्या उत्पन्नाचा संबंध नसतो. मध्यस्थाच्या उत्पन्नाचा असतो.

संज्ञा

मराठीत 'कंत्राटदार' म्हटले की रस्ते-इमारती बांधणारा किंवा मजूर पुरविणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. ठरावीक मुदतीसाठी स्वतःचे कौशल्य पुरविणाऱ्या संगणक अभियंत्याला, लेखापालाला किंवा तंत्रज्ञाला हा शब्द शोभत नाही. म्हणून या लेखात त्याला 'कंत्राटी व्यावसायिक' म्हटले आहे. काम करवून घेणारी संस्था 'ग्राहक संस्था' आणि दोहोंमधील दुवा 'मध्यस्थ' होय.

पूर्वपीठिका

मध्यस्थाने माणसे निवडण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत कामगारांची भरती जॉबर करीत असे. काम मिळविण्यासाठी आणि टिकविण्यासाठी कामगाराला त्याला 'दस्तुरी' द्यावी लागे. १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर टीका केली आणि भरतीसाठी स्वतंत्र कामगार अधिकारी नेमण्याची शिफारस केली. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली कामगारांच्या नोंदणीची योजना सुरू केली. जॉबरच्या हातची निवड काढून घेणे हा तिचा एक हेतू होता. पुढे सरकारी सेवायोजन कार्यालये आली आणि १९५९ च्या कायद्याने रिक्त पदे त्यांना कळविणे ठरावीक आस्थापनांना बंधनकारक झाले. तरी खासगी मध्यस्थ नाहीसा झाला नाही. नोकरीविषयक संकेतस्थळांमुळे तर एका जागेसाठी शेकडो अर्ज येऊ लागले आणि ते चाळण्याचे काम ग्राहक संस्थांनी आनंदाने बाहेर दिले.

मुलाखतीचे स्वरूप

मुलाखत घेणारी व्यक्ती त्या विषयाची जाणकार असतेच असे नाही. तिच्यापुढे ग्राहक संस्थेने दिलेली यादी असते: अमुक तंत्रज्ञान, इतक्या वर्षांचा अनुभव, रुजू होण्यास किती दिवस, सध्याचे वेतन, अपेक्षित वेतन. उत्तरे यादीतील शब्दांशी ताडून पाहिली जातात. त्यामुळे खरा जाणकारही येथे गळू शकतो. 'जावा' आणि 'जावास्क्रिप्ट' या दोन भिन्न भाषा आहेत हे ठाऊक नसलेल्या माणसापुढे बारकावे सांगण्यात अर्थ नसतो. अनुभवी व्यावसायिक म्हणूनच यादीतील शब्द वापरून थोडक्यात उत्तर देतात आणि सखोल चर्चा ग्राहक संस्थेच्या तांत्रिक मुलाखतीसाठी राखून ठेवतात. यात अप्रामाणिकपणा नाही. मात्र नसलेला अनुभव सांगणे किंवा दुसऱ्यालाच मुलाखतीस बसविणे ही फसवणूकच होय, आणि पुढे पडताळणीत ती उघडी पडते. भविष्य निर्वाह निधीचा सार्वत्रिक खाते क्रमांक २०१४ पासून लागू झाल्यामुळे, त्या निधीत नोंद असलेल्या पूर्वीच्या नोकऱ्यांच्या तारखा ताडून पाहणे सोपे झाले आहे.

मध्यस्थ ग्राहक संस्थेचे नाव सहसा पहिल्या फोनवर सांगत नाही, कारण उमेदवार परस्पर तिकडे जाईल ही भीती असते. याचा उलटा तोटा उमेदवाराला होतो. दोन मध्यस्थांनी एकाच जागेसाठी त्याचे नाव पाठविले, तर वाद टाळण्यासाठी ग्राहक संस्था त्याला वगळू शकते. म्हणून नाव पुढे पाठविण्याची परवानगी संस्था आणि जागा यांचा स्पष्ट उल्लेख करून ईमेलने देण्याची पद्धत रूढ आहे. काही वेळा तर जागाच अस्तित्वात नसते. केवळ माहितीचा साठा वाढविण्यासाठी फोन केलेला असतो.

दराचा प्रश्न

मुलाखतीतील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न सर्वांत सहजपणे विचारला जातो: "सध्या किती मिळतात?" कायम नोकरीच्या भरतीत मध्यस्थाला एकदाच शुल्क मिळते, ते अनेकदा एका महिन्याच्या वेतनाइतके, म्हणजे वार्षिक वेतनाच्या ८.३३ टक्के असते. उमेदवाराचे वेतन वाढले तर तेही वाढते. कंत्राटी कामात गणित उलटे होते. समजा, ग्राहक संस्था दरमहा १,००,००० रुपये देणार आहे. उमेदवार ९०,००० रुपयांवर ठाम राहिला तर मध्यस्थाकडे १०,००० उरतात. पूर्वी ६०,००० मिळत होते हे कळल्यावर तो ७०,००० वर राजी झाला, तर ३०,००० उरतात, आणि तेही कंत्राट संपेपर्यंत दरमहा. ग्राहक संस्थेचा खर्च मात्र तेवढाच राहतो. मध्यस्थाने केलेले काम खरे असते आणि त्याचा मोबदला रास्तही असू शकतो. पण तो किती, हे उमेदवाराला क्वचितच कळते.

पूर्वीचे वेतन विचारण्यास कॅलिफोर्नियात २०१८ पासून मनाई आहे आणि युरोपीय संघाच्या २०२३ च्या वेतन-पारदर्शकता निर्देशातही ती आहे. भारतात अशी बंदी नाही. तथापि उत्तर देण्याचे बंधनही नाही. मागील वेतनाऐवजी अपेक्षित दर सांगता येतो. दर ठरताना त्यात काय धरले आहे, हे विचारणे तितकेच महत्त्वाचे ठरते. मध्यस्थाच्या वेतनपटावर असणाऱ्याच्या आकड्यात मालकाचा भविष्य निर्वाह निधीचा हिस्साही मोजलेला असू शकतो. स्वतः बिल देणाऱ्याच्या व्यावसायिक शुल्कातून सामान्यतः १० टक्के उद्गम करकपात होते, आणि सेवांची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांवर गेल्यास वस्तू व सेवा कराची नोंदणी करावी लागते.

कायदेशीर बाजू

कंत्राटी कामगार (नियमन व निर्मूलन) अधिनियम, १९७० अन्वये कंत्राटदाराला परवाना आवश्यक ठरला आणि त्याने वेतन थकविल्यास ते देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर आली. स्वतःच्या नावाने बिल देणारा व्यावसायिक मात्र सहसा या संरक्षणाबाहेर राहतो. त्याचा आधार म्हणजे लेखी करार. 'कंत्राट संपल्यावर अमुक काळ ग्राहक संस्थेकडे काम करू नये' असे कलम करारात अनेकदा आढळते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ नुसार व्यवसायास प्रतिबंध करणारा करार त्या मर्यादेपर्यंत शून्य ठरतो, त्यामुळे कराराची मुदत संपल्यानंतरची अशी बंदी सामान्यतः न्यायालयात टिकत नाही. कराराच्या मुदतीतील बंधनाचे तसे नाही.

महाराष्ट्र शासनाने ६ सप्टेंबर २०२३ च्या निर्णयाने शासकीय कार्यालयांना बाह्ययंत्रणेद्वारे मनुष्यबळ पुरविण्यासाठी नऊ संस्था नेमल्या होत्या. स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसह अनेकांनी विरोध केल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये तो रद्द झाला.

नागपुरातील संदर्भ

नागपुरात माहिती तंत्रज्ञानाची कामे मुख्यतः मिहान आणि परसोडी येथील आयटी पार्क या भागांत आहेत, तर रामदासपेठ व लगतच्या धंतोलीत रुग्णालये आणि व्यावसायिक कार्यालयांची दाटी आहे. अभियंत्यांप्रमाणेच रुग्णालयांतील तंत्रज्ञ, परिचारिका आणि कार्यालयीन कर्मचारी यांचाही मध्यस्थांशी संबंध येऊ शकतो. रामदासपेठेत राहणारा व्यावसायिक पुण्यातील किंवा बंगळुरूतील मध्यस्थाशी फोनवर बोलतो तेव्हा दोघांची भेट कधीच होत नाही. अशा वेळी आधार, पॅन किंवा मूळ प्रमाणपत्रे मागितली गेल्यास ती निवडीआधी देण्याचे कारण नसते.

परदेशातील काम

उत्प्रवासन अधिनियम, १९८३ नुसार परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या मध्यस्थाला नोंदणी बंधनकारक आहे. उमेदवाराकडून घ्यावयाच्या सेवाशुल्कावर ३०,००० रुपये अधिक कर अशी मर्यादा आहे. नोंदणी खरी आहे की नाही, हे 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. २०२२ नंतर म्यानमार, लाओस व कंबोडियातील सायबर फसवणुकीच्या केंद्रांत भारतीय तरुण अडकल्याची प्रकरणे पुढे आली. लाओसमधील भारतीय दूतावासाच्या सूचनेत या मध्यस्थांची रीत नमूद आहे: सोपी मुलाखत, टंकलेखनाची छोटी चाचणी, भरघोस वेतनाचे आश्वासन आणि सोबत विमानाचे परतीचे तिकीट.