गोणीवरचा आकडा आणि डुकराच्या पोटातला आकडा



मांस-हाडांची पावडर, फिशमील, रक्ताची पावडर, पिसांची पावडर. डुकरांसाठी असलं खाद्य घेताना आपण गोणीवर पहिलं काय बघतो? 'क्रूड प्रोटीन' किती टक्के! टक्के जास्त, तर भाव जास्त. पण हा आकडा आला कुठून, ते बघा.

१८६० च्या सुमारास जर्मनीत, ग्योटिंगेनजवळच्या वेंडे इथल्या केंद्रात हेनेबर्ग आणि स्टोमान यांनी खाद्य तपासायची पद्धत बसवली. प्रथिनं थेट मोजणं अवघड. पण प्रथिनात साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो. मग नायट्रोजन मोजा आणि ६.२५ ने गुणा, झालं क्रूड प्रोटीन. १८८३ साली कोपनहेगनला कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी नायट्रोजन मोजायची सोपी रीत काढली. ती जगभर पसरली.

त्याच काळात शिकागोचे कत्तलखाने जोरात होते. उरलेलं मांस, आतडी, हाडं मोठ्या टाक्यांत वाफेवर शिजवायची, चरबी काढायची आणि चोथा वाळवायचा. टाकीतला म्हणून नाव 'टँकेज'. आधी तो खत म्हणून विकला जायचा, नंतर मक्याबरोबर डुकरांना जाऊ लागला. खताला नायट्रोजन बघणं ठीकच होतं. डुक्कर म्हणजे काही शेत नाही!

कारण डुकराला नुसता नायट्रोजन नको, ठरावीक अमिनो आम्लं लागतात. १९१४ मध्ये अमेरिकेत ऑसबॉर्न आणि मेंडेल यांनी उंदरांवर दाखवलं, की मक्याचं झेइन हे प्रथिन एकटं दिलं तर वाढ होत नाही. त्यात लायसीन आणि ट्रिप्टोफॅन घालावं लागतं. हाडा-कातड्याच्या जिलेटिनमध्ये तर ट्रिप्टोफॅन नसतंच. म्हणजे मक्याची उणीव हाडा-कातड्याने भरत नाही, आकडा कितीही मोठा असो.

पुढचा प्रश्न उष्णतेचा. रक्त किंवा मांस जास्त तापवून वाळवलं, की लायसीन असूनही अडकून बसतं, जनावराला मिळत नाही. केनेथ कार्पेंटर यांनी १९६० मध्ये प्राणिज खाद्यातलं 'मिळणारं' लायसीन वेगळं मोजायची रासायनिक पद्धत मांडली. क्रूड प्रोटीन तेच, पण करपलेल्या मालात मिळणारं लायसीन कमी. फरक तिथे दिसला.

मग शास्त्रज्ञ थेट डुकराच्या आतड्याकडे वळले. आधी शेणावरून पचन मोजायचे. पण मोठ्या आतड्यातले जिवाणू उरलेली अमिनो आम्लं खातात, त्याचा डुकराला फायदा नाही. म्हणून लहान आतड्याच्या शेवटी नळी बसवून मोजमाप सुरू झालं. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या २०१२ च्या पुस्तकात डुकरांची गरज याच हिशोबाने दिली आहे.

आता हिशोब करा. पिसांच्या पावडरीत क्रूड प्रोटीन ८० टक्क्यांच्या आसपास, सोयापेंडीत ४५-४८. पण पचणारं लायसीन पिसांच्या पावडरीत सोयापेंडीच्या निम्म्याहून कमी! पिसं केराटिनची असतात, दाबाखाली शिजवली तरी पूर्ण पचत नाहीत. रक्ताच्या पावडरीत लायसीन भरपूर, पण आयसोल्युसीन फारच कमी.

आणि या आकड्याला फसवणं सोपं आहे. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो. त्याला ६.२५ ने गुणलं तर 'क्रूड प्रोटीन' २८७ टक्के! फिशमीलच्या १०० किलोत एक किलो युरिया मिसळला, तरी आकडा दोनहून जास्तने चढतो. गाय-म्हैस रवंथ करते, तिच्या पोटातले जिवाणू युरियाचा काही उपयोग करून घेतात. डुकराचं पोट तसं नाही.

तेव्हा माल घेताना क्रूड प्रोटीनच्या जोडीला लायसीन किती, राख किती आणि माल वाळवला कसा, हे विचारा. राख जास्त म्हणजे हाडं किंवा वाळू जास्त. वास करपट आणि रंग काळपट असेल, तर थोडं थांबा. पैसे आपण टक्क्याचे मोजतो, वजन मात्र डुकराला जे पचतं त्यावरच वाढतं.